बारा जीबीचं कार्ड, दुसऱ्यांदा

बारा जीबीचं ग्राफिक्स कार्ड मी दोनदा घेतलं. पहिल्यांदा घेतलेलं चार जीबीचं निघालं.

2021 ची गोष्ट. कार्डांचा तुटवडा, भाव आभाळाला. एका दुकानदारानं (सांगलीतलाच, नाव कशाला घ्या) टास्क मॅनेजर (कॉम्प्युटरवर काय किती वापरलं जातंय ते दाखवणारी विंडोजची खिडकी) उघडून जीपीयू मेमरी, म्हणजे ग्राफिक्ससाठीची मेमरी दाखवली, 12 जीबी. घरी आल्यावर भाचा म्हणाला, "मामा, बाकीच्या ओळीपण वाच की." डेडिकेटेड, म्हणजे कार्डाची स्वतःची, 4, शेअर्ड 8. शेअर्ड म्हणजे माझ्याच 16 जीबी रॅममधली निम्मी.

मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी. मला ते असं उमगलं: कार्डावरची मेमरी म्हणजे पेढीमागचं गोदाम, रॅम म्हणजे हरिपूरची पेवं (हळद साठवायची जमिनीखालची कोठारं). माल तिथंही राहतो, पण गिऱ्हाईक दारात उभं असताना पेव उघडून पोती आणायची म्हटल्यावर सौदा गेलाच. गेम गचके खातो तो असा.

यंदा दिवाळीला सेकंडहँड आरटीएक्स 3060 घेतलं, सतरा हजाराला. खरंखुरं 12 जीबी. कार्ड 170 वॉट ओढतं, म्हणून एसएमपीएसही (कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा) बदलावा लागला. तो खर्च घरात अजून सांगितलेला नाही.

मॉनिटर साधा, 1080पी (पडद्यावर उभे 1080 ठिपके). कुठला गेम किती मेमरी घेतो, तीन महिने रोज रात्री आकडे बघतोय (हिशेबाची खोड). जीटीए 5 चार जीबीच्या आसपास, रेड डेड 2 सहाच्या आत. म्हणजे निम्मं गोदाम रिकामंच. एका नव्या गेमला टेक्स्चर (वस्तूंवरची बारीक नक्षी) अल्ट्रा, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवर, आणि रे ट्रेसिंग (उजेड-सावलीचा खरा हिशेब) दोन्ही लावलं तेव्हा कुठं काटा नऊच्या पुढं गेला. तेही सगळं लागतंच असं नाही. जागा दिसली की गेम आधीच अडवून ठेवतात, एसटीत रुमाल टाकतात तसं. टेक्स्चर एक पायरी खाली आणलं तर साडेसातवर आलं, आणि माझ्या चष्म्याला काडीचा फरक दिसला नाही.

भाच्याचं कार्ड नवं, 8 जीबी. वेगात ते माझ्या पुढं आहे, हे मान्य करायला मला जड जातं. मेमरीचा एकेक चिप 32 बिटचा. त्याच्या 128 बिटच्या बसवर (मेमरीचा माल ये-जा करायचा रस्ता) असे चार बसतात, माझ्या 192 वर सहा. दोन-दोन जीबीचे धरा, त्याचे आठ आणि माझे बारा. म्हणजे हे बारा कंपनीनं लाडानं दिलेले नाहीत, गणितच तसं पडतं. अल्ट्रा टेक्स्चरला तो अडखळतो, पायरी उतरला की मला मागं टाकतो.

तेव्हा 1080पी वर खेळणार असाल तर आठ पुरतात, फक्त अल्ट्राचा हट्ट सोडा. 1440पी, म्हणजे जास्त ठिपक्यांचा मॉनिटर घ्यायचा विचार असेल तर बाराच बघा. नवे गेम खेळायचे असतील तर चार जीबीच्या वाटेला मात्र जाऊ नका.

परवा जुन्या कार्डाला गिऱ्हाईक आलं, विश्रामबागचं कॉलेजचं पोरगं. "काका, किती जीबी?"

चार, म्हटलं. टास्क मॅनेजर उघडलाच नाही.