मुंबई-गोवा क्रूझ: आईला बोट लागली नाही

"बोट लागेल का गं?" हा आईचा पहिला प्रश्न. लहानपणी ती भाऊच्या धक्क्यावरून कोकणसेवक बोटीने गावी जायची, डेकवर वळकटी पसरून. दरवेळी बोट लागायची. म्हणून मी मुद्दाम जहाजाच्या मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची केबिन घेतली. तिथे हेलकावे कमी जाणवतात. शिवाय पर्समध्ये आलेपाक. आई रात्रभर शांत झोपली!

चढताना मात्र रांगेत तीन तास गेले, ज्येष्ठांना पुरेशा खुर्च्या नव्हत्या. हे सुधारायलाच हवं. जेवण उत्तम. किनारा सुटला की फोनची रेंज जाते, घरी आधीच सांगून ठेवा.

पहाटे आई कठडा धरून उभी. "आपलं देवगड कुठल्या बाजूला?" मी पूर्वेकडे हात केला. नुसतं पाणी दिसत होतं. तिने तिकडे बघून हात जोडले.