आपत्तीसाठी वेगळा कार्यक्रम, की प्रत्येक कामात आपत्तीचा विचार?

विकास मदतीचा निधी हाताशी आहे आणि त्यातून आपत्तीची जोखीम कमी करायची आहे, असं ठरलं की लगेच हा पेच उभा राहतो. वेगळा कार्यक्रम काढायचा, की शाळा, रस्ते, पाणीपुरवठा अशा चालू कामांतच तो विचार बसवायचा? मी दोन्ही करून पाहिलं आहे. सेंदाई आराखडा, म्हणजे आपत्तीची जोखीम कमी करण्यासाठीचा संयुक्त राष्ट्रांचा आंतरराष्ट्रीय आराखडा, तुमच्या वाचनात असेलच, पण त्यावरून निवड होत नाही. देशांनी राष्ट्रीय आणि स्थानिक पातळीवर आपत्तीविषयक धोरणं आखावीत हे त्याचं एक उद्दिष्ट, आणि दवाखाने-शाळांचं नुकसान कमी व्हावं हे दुसरं. म्हणजे दोन्ही वाटा मोकळ्या.

वेगळ्या कार्यक्रमाची बाजू आधी, कारण ती खरोखर भक्कम आहे. १९७० च्या भोला चक्रीवादळात किमान तीन लाख माणसं गेली. त्यानंतर बांगलादेशाने रेड क्रेसेंटच्या (तिथल्या रेड क्रॉसच्या) साथीने किनाऱ्यावर स्वयंसेवकांची फळी उभारली, इशाऱ्याची साखळी बांधली, पुढे आश्रयस्थानंही वाढवली. १९९१ च्या वादळात तरीही सुमारे १ लाख ३८ हजार बळी गेले, पण काम थांबलं नाही. २००७ च्या सिद्र वादळात बळींचा आकडा साडेतीन हजारांच्या आसपास राहिला. रस्त्याच्या किंवा नळयोजनेच्या कामात इशारा यंत्रणेचं एक कलम घालून हे साधलं नसतं. त्यासाठी वेगळी माणसं, वेगळा पैसा आणि दशकांचा धीर लागतो.

धीर हा शब्द मुद्दाम वापरला, कारण देणगीदारांकडे नेमका तोच कमी असतो. आमचा कार्यक्रम तीन वर्षांचा होता. तो संपल्यावर दोन वर्षांनी मी नदीकाठच्या एका गावात परत गेलो. शाळेच्या भिंतीवर आम्ही लावलेला फलक होता, त्यावर संपर्काचे तीन क्रमांक. तिथेच उभं राहून मी ते फिरवले. दोन बंद होते. तिसरा लागला, पण त्या अधिकाऱ्याची बदली होऊन वर्ष झालं होतं. भोंगा कपाटात, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे हे कोणालाच सांगता येईना.

तरी माझं मत फिरलं ते यामुळे नाही. फलक दुरुस्त करता येतो. परत निघताना भिंतीकडे नीट पाहिलं, तर मुलांच्या कमरेएवढ्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ होती. शाळा नदीच्या वळणावर, सखल जागी, आणि जोतं जेमतेम वीतभर. ही इमारत आमच्याच देणगीदाराच्या पैशातून, त्याच्याच शिक्षण विभागाने बांधलेली होती. आमचं पूर-प्रशिक्षण आम्ही याच वर्गात बसून घेतलं होतं. हजेरीपट भरला, अहवाल गेला, पण ‘ही शाळा इथे का?’ हे आमच्यापैकी एकानेही विचारलं नाही, कारण तो प्रश्न दुसऱ्या फायलीतला होता. पुराची फाइल आणि शाळेची फाइल एकाच कार्यालयात होत्या, पण त्या एका टेबलावर कधी आल्याच नाहीत. हे मला आजही सलतं.

२००५ च्या काश्मीर भूकंपात पाकिस्तानात आणि २००८ च्या भूकंपात चीनमधल्या सिचुआन प्रांतात हजारो मुलं शाळांच्या इमारतींखाली गेली. त्या शाळा विकास म्हणूनच बांधल्या होत्या. जोखीम आपण बांधतो, जागा निवडताना आणि नकाशावर सही करताना. मग ती वेगळ्या कार्यक्रमाने नंतर कशी निपटणार?

उलट बाजूला चिली. फेब्रुवारी २०१० मध्ये ८.८ तीव्रतेचा भूकंप झाला, त्यात सुमारे सव्वापाचशे माणसं गेली. दीड महिना आधी हैतीत ७.० च्या भूकंपाने, बहुतेक अंदाजांनुसार, लाखाहून अधिक बळी घेतले. तुलना सरळ नाही, हे मान्य. हैतीतला भूकंप राजधानीच्या अगदी जवळ झाला आणि देशही फार गरीब. पण चिलीत भूकंपाचा विचार रोजच्या बांधकामातच मुरलेला आहे. सांगाड्यात दोष निघाला तर इमारतीचा पहिला विक्रेता दहा वर्षं कायद्याने जबाबदार राहतो.

सगळ्या कामांत विचार बसवण्यातही दोष आहेत आणि ते लपवण्यात अर्थ नाही. ‘सगळ्यांची जबाबदारी’ म्हटलं की ती कोणाचीच राहत नाही. प्रकल्पाच्या अर्जात आपत्तीच्या रकान्यात खूण होते आणि विषय संपतो. अंदाजपत्रक कापायची वेळ आली की आधी जोत्याची उंची कमी होते, कारण रंग आणि फरशी दिसते, उंची दिसत नाही. म्हणून हा खर्च परिशिष्टात ठेवू नका. तो मूळ अंदाजपत्रकात आणि नकाशात हवा.

तुमच्या किनाऱ्यावर इशारा यंत्रणाच नसेल, तर आधी ती उभारा, वेगळा कार्यक्रम काढून. तिथे वाद नाही. पण बांगलादेशातही पाहा: तिथली बरीच आश्रयस्थानं एरवी शाळा म्हणून चालतात. रोज मुलं येतात, त्यामुळे दार उघडतं आणि किल्ली सापडते. एरवी, निधी मोजका असेल तर मी आता तो चालू कामांतच घालेन.

पुढच्या शाळाबांधणीत आम्ही एक अट घातली: जागेच्या नकाशावर पूररेषा काढलेली नसेल तर पहिला हप्ता सुटणार नाही. त्यामुळे तीन जागा बदलल्या. चौथ्या ठिकाणी नवी जागा मुलांना लांब पडते म्हणून पालकांनी नकार दिला. त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. तिथे जागा तीच ठेवून जोतं उंच केलं, आणि वाढलेला खर्च रंगकामातून काढला.