कूलिंग पॅडचे आठ महिने

माझ्या चार वर्षे जुन्या लॅपटॉपवर व्हिडिओ संपादनाचे काम सुरू केले की दहा-पंधरा मिनिटांत पंखा घरघरू लागे, कीबोर्डच्या वरच्या पट्टीला बोट टेकवत नसे आणि पुढे सगळे कामच रेंगाळू लागे. यावर उपाय म्हणून आठ महिन्यांपूर्वी मी लॅपटॉपखाली ठेवायचे, यूएसबीवर चालणारे, दोन पंख्यांचे कूलिंग पॅड घेतले. ते रोज वापरात असल्यामुळे आता त्याविषयी खात्रीने लिहिता येईल.

पहिल्याच दिवशी एकच व्हिडिओ त्याच खोलीत तीन वेळा एक्सपोर्ट करून (म्हणजे त्याची अंतिम फाइल तयार करून) तापमान मोजले. टेबलावर सपाट ठेवलेल्या लॅपटॉपचा प्रोसेसर ९७ अंश सेल्सिअसवर गेला. इतक्या उष्णतेला तो स्वतःच्या बचावासाठी वेग कमी करतो, आणि काम रेंगाळण्याचे कारण तेच होते. पॅडवर ठेवून, परंतु पॅडचे पंखे बंद ठेवून, आकडा ९२ आला. पंखे चालू केल्यावर ९०. म्हणजे सात अंशांच्या फरकातले पाच अंश निव्वळ मागची बाजू उचलली गेल्यामुळे मिळाले होते, आणि ते काम दोन जाड पुस्तकांनीही केले असते.

पंख्यांचा वाटा इतका कमी का, हे लॅपटॉप उलटा करून पाहिल्यावर कळले. हवा आत घेणारी छिद्रे बिजागरीजवळ एका कडेला आहेत, तर पॅडचे पंखे बरोबर मध्यभागी आहेत, त्यामुळे त्यांचा बहुतेक वारा बंद पत्र्यावर आदळून वाया जातो. खरेदीपूर्वी ही एक गोष्ट तपासली असती तर मी दुसरे पॅड निवडले असते. ज्यांच्या लॅपटॉपला खालून छिद्रेच नाहीत, त्यांनी या वस्तूकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

पाचव्या महिन्यात तापमान पॅडवर असूनही पुन्हा ९५ च्या पुढे जाऊ लागले, तेव्हा मी आधी पॅडलाच दोष दिला. वॉरंटी संपलेली असल्याने अखेर लॅपटॉप बंद करून खालचे झाकण काढले, बॅटरीची जोडणी सोडवली आणि पाहिले, तर पंखा आणि हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता शोषून बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागाच्या) पातळ पात्यांमध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसला होता. गरम हवेला बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. मऊ ब्रशने तो थर काढला. हवेचा फवारा मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवली, कारण पंखा वाऱ्याने भरधाव फिरला तर त्याचे बेअरिंग बिघडू शकते. प्रोसेसरची उष्णता हीटसिंककडे पोहोचवणारी थर्मल पेस्टही वाळून खडखडीत झाली होती, तीही बदलली. त्यानंतर तीच चाचणी ८३ अंशांवर थांबली. एवढा फरक पॅडने एकदाही दाखवला नव्हता.

याच सुमारास विंडोजच्या पॉवर सेटिंगमध्ये प्रोसेसरची कमाल मर्यादा १०० ऐवजी ९९ टक्के करून पाहिली. हा आकडा फसवा आहे, कारण तो एक टक्का कमी करताच माझ्या प्रोसेसरचा टर्बो वेग, म्हणजे जड कामासाठी तो तात्पुरता वाढवतो तो वेग, पूर्ण बंद होतो. तापमान ७२ वर आले, मात्र १८ मिनिटांच्या एक्सपोर्टला २३ मिनिटे लागली. लेखन आणि वाचनाच्या वेळी हा बदल जाणवतही नाही, म्हणून एरवी मी तो तसाच ठेवतो आणि घाई असेल तेव्हाच काढतो.

पॅडच्या बांधणीबद्दल सुरुवातीला तक्रार नव्हती. एक यूएसबी पोर्ट कायमचा अडतो, उतारामुळे मनगटे अवघडतात म्हणून मला वेगळा कीबोर्ड जोडावा लागला, आणि निळा दिवा का बसवला आहे हे कोडे अद्याप सुटलेले नाही. सहाव्या महिन्यात डावा पंखा करकरू लागला, तेव्हा मी वायरच काढून ठेवली. तापमानात दोन अंशांहून अधिक फरक पडला नाही, आणि गेले दोन महिने ते पॅड माझ्याकडे केवळ स्टँड म्हणून आहे.