ग्रीक-लॅटिन मुळं की सरळ पाठांतर?

गॅस्ट्रोएन्टेरायटिस हा शब्द एकदम वाचला की दडपण येतं. फोडला तर उरतात तीन तुकडे: गॅस्ट्रो म्हणजे जठर, एन्टेरो म्हणजे आतडं, आयटिस म्हणजे दाह. वैद्यकीय शब्द शिकायला बसणाऱ्यापुढे हे दोनच रस्ते असतात. एकतर मुळं शिकून शब्द फोडत जायचं, नाहीतर आख्खे शब्द कार्डांवर लिहून घोकायचे.

आठवड्यावर परीक्षा असेल तर कार्डं घ्या, पुढचं वाचू नका. वर्षभर किंवा त्याहून जास्त हेच शब्द हाताळायचे असतील तर माझं मत मुळांच्या बाजूने आहे, पण सगळ्याच मुळांच्या नाही.

खरी कमाई प्रत्ययांत आहे. कोलेक्टमी, कोलॉटमी आणि कोलॉस्टमी हे तीन शब्द घोकणाऱ्याला जुळ्या भावंडांसारखे दिसतात आणि ऐन वेळी हमखास अदलाबदल होते. प्रत्यय माहीत असले की गोंधळ संपतो: एक्टमी म्हणजे काढून टाकणं, ऑटमी म्हणजे छेद देणं, ऑस्टमी म्हणजे बाहेर उघडणारं तोंड तयार करणं. पहिल्यात मोठं आतडं पूर्ण किंवा अंशतः काढलं, दुसऱ्यात नुसतं कापलं, तिसऱ्यात त्याचं तोंड पोटावर आणलं. असे वीस-पंचवीस प्रत्यय आले, की कधीही न पाहिलेल्या शब्दाचाही अर्धा अर्थ हाती लागतो. पाठांतरातून हे मिळत नाही; तिथे प्रत्येक नवा शब्द पुन्हा शून्यापासून.

मुळांवरचा नेहमीचा आक्षेप असा, की एकाच अवयवाला दोन-दोन मुळं कशाला? मूत्रपिंडाला ग्रीक नेफ्रो आणि लॅटिन रेन, फुप्फुसाला ग्रीक न्यूमो आणि लॅटिन पल्मो. आक्षेप खरा, पण त्यात बऱ्यापैकी शिस्त आहे. शरीररचनेची नावं बहुतेक लॅटिन वळणाची, रोग आणि शस्त्रक्रियांची ग्रीक. म्हणून धमनी रीनल आणि दाह नेफ्रायटिस; शीर पल्मनरी आणि आजार न्यूमोनिया. अपवाद आहेतच, तरी हा नियम आधी कळला तर दुहेरी यादीचं ओझं निम्मं होतं.

मुळं फसवतात तीही ठिकाणं आहेत. अ‍ॅनिमियाचा शब्दशः अर्थ 'रक्त नसणं', पण त्या रुग्णात रक्त असतं. कमी असतं ते हिमोग्लोबिन. ओमा म्हणजे पेशी वाढून झालेली गाठ, म्हणजे ट्यूमर; पण हिमॅटोमा ही साकळलेल्या रक्ताची गाठ, ट्यूमर नव्हे. मेलॅनोमा तर थेट कर्करोग, आणि ग्लॉकोमात, म्हणजे काचबिंदूत, गाठच नसते. इलियम हे कमरेचं हाड आणि इलियम हा लहान आतड्याचा शेवटचा भाग, रोमन लिपीत एका अक्षराचा फरक. देवनागरीत तोही नाही! अशा शब्दांची वेगळी कार्डं कराच.

काही शब्द तर मुळांच्या आवाक्याबाहेरचेच. पार्किन्सन हे नाव जेम्स पार्किन्सन यांच्यावरून आलं, त्यांनी 1817 मध्ये या आजाराचं वर्णन केलं होतं. ते फोडून हाती काहीच येत नाही. औषधांच्या नावांची तऱ्हा वेगळी. तिथे ग्रीक-लॅटिनपेक्षा जागतिक आरोग्य संघटनेने ठरवलेली शेपटं कामाची: ओलॉल दिसलं की बीटा ब्लॉकर (हृदयाची गती मंदावणारं औषध), प्रिल दिसलं की एसीई इन्हिबिटर (रक्तदाब कमी करणारं औषध). औषधशास्त्रच शिकायचं असेल तर आधी ही शेपटं घ्या.

मुळं घ्यायची ठरली, तर शेकडो मुळांची यादी घेऊन बसू नका. कंटाळा येऊन पंधरा दिवसांत सुटते. प्रत्यय आधी, मग हायपर-हायपो (जास्त-कमी), टॅकी-ब्रॅडी (जलद-मंद) असे जोडीचे उपसर्ग, आणि अवयवांची मुळं ज्या शरीरसंस्थेचा अभ्यास चालू असेल तिच्यासोबत. कार्डावर नुसतं मूळ लिहू नका, त्याचे दोन शब्दही लिहा.

लॅटिन व्याकरण शिकायची गरज नाही. बॅक्टेरियमचं अनेकवचन बॅक्टेरिया, फंगसचं फंगाय, डायग्नोसिसचं डायग्नोसीझ, इतकं आलं तरी काम भागतं.