रोजच्या चित्रवहीसाठी कोणती जोडी घ्यावी: पेन-जलरंग, गॉश-पेन्सिल की आणखी काही?

रोज वीस-तीस मिनिटं चित्र काढायचं आणि त्यात माध्यमं मिसळून बघायची असं ठरवलं, की साहित्य निवडताना नजर आधी छटांकडे जाते. रोजच्या सरावाला तो निकष पुरत नाही. दोन थरांमध्ये किती थांबावं लागतं आणि चुकलं तर मागे जाता येतं का, या दोन प्रश्नांवर जोडी अंगवळणी पडते किंवा आठवड्यात कपाटात जाते. म्हणून इथल्या सगळ्या जोड्या याच दोन प्रश्नांवर तोलल्या आहेत.

पेन आणि जलरंग

वेळ कमी आणि जागा अपुरी असेल तर हीच घ्या. वॉटरप्रूफ पिगमेंट शाईचा (न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचा) 0.3 मिमीचा एक फाइनलायनर म्हणजे बारीक टोकाचं पेन, जलरंगांच्या सहा वड्या, एक मध्यम गोल ब्रश आणि टिशू एवढ्यावर काम भागतं.

पेनावर ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं असलं तरी शाई कागदावर पक्की व्हायला वेळ लागतो, आणि जाड रेघेला जास्त. चित्रवहीच्या शेवटच्या पानावर एकाच पेनाने तीन रेघा मारा. पहिलीवरून एका मिनिटाने ओला ब्रश फिरवा, दुसरीवरून पाच मिनिटांनी, तिसरीवरून पंधरा मिनिटांनी. जी रेघ पसरली नाही तेवढा वेळ त्या पेनाला आणि त्या कागदाला द्यायचा. कागद बदलला की चाचणी पुन्हा करायची, कारण गुळगुळीत आणि कमी शोषणाऱ्या कागदावर शाई जास्त वेळ वरच राहते.

क्रम दोन्ही चालतात, पण चित्र वेगळं होतं. आधी रेघ मारली तर हात नकळत रेघेच्या आत रंग भरत बसतो. आधी दोन-तीन सैल वॉश (पाण्यात पातळ केलेल्या रंगाचे थर) टाकून वर पेन चालवलं, तर आकार रंगाने ठरतात आणि रेघ नेमकी लागेल तिथेच येते. सरावासाठी हा दुसरा क्रम जास्त शिकवतो असं आमचं ठाम मत आहे. त्यात अडचण ओलीची. कागद वरून कोरडा दिसतो, आत ओल असते. त्यावर पेन टेकवलं की रेघेला केसाळ फाटे फुटतात आणि निबमध्ये कागदाचे तंतू अडकतात. बोटांची मागची बाजू कागदाला लावून बघा. गार लागलं तर थांबा.

खडबडीत जलरंग कागदावर बारीक रेघ तुटत जाते आणि 0.05 मिमीसारखं टोक लवकर झिजतं, म्हणून या जोडीला बारीक दाण्याचा किंवा गुळगुळीत कागद बरा. कच्चं रेखाटन करायचं असेल तर HB पेन्सिल हलक्या हाताने चालवा. वॉश वाळल्यावर त्याखालचं ग्रॅफाइट खोडरबरने सहज निघत नाही. आणि फाउंटन पेन वापरत असाल तर त्यात शेलॅक (लाख) असलेली इंडिया इंक कधीच भरू नका. ती आत वाळून पेन कायमचं चोंदवते.

मागे जाण्याची सोय इथे कमी आहे. रेघ पुसता येत नाही, गडद झालेला वॉश थोडाफार उचलता येतो, एवढंच. ज्यांना ठरवून रेघ मारण्याची सवय लावायची आहे त्यांना हे उलट फायद्याचं.

याच जोडीचं आणखी लहान रूप म्हणजे पाण्यात विरघळणाऱ्या शाईचं पेन आणि वॉटर ब्रश, म्हणजे दांड्यात पाण्याची टाकी असलेला ब्रश. सावलीच्या बाजूला रेघ मारायची, ओल्या ब्रशने ती ओढायची. करडी छटा आपोआप मिळते. रंगांचा गोंधळ नको, फक्त उजेड-सावली शिकायची असेल तर इथूनच सुरुवात करा.

गॉश आणि रंगीत पेन्सिल

चुका दुरुस्त करत शिकायचं असेल तर याहून चांगली जोडी नाही. गॉश हा पाण्यात कालवायचा रंग जलरंगासारखा पारदर्शक नसून अपारदर्शक असतो, त्यामुळे गडदावर फिकट रंग बसतो आणि बिघडलेला भाग झाकता येतो. पांढरा, पिवळा, लाल, निळा आणि एक मातकट तपकिरी अशा पाच ट्यूब पुरतात. पांढरा सगळ्यात आधी संपतो, त्याची मोठी ट्यूब घ्या.

पहिला थर पातळ, दुसरा सायीइतका दाट ठेवा. गॉश वाळल्यावरही पाण्याने पुन्हा विरघळतो. वरचा थर देताना ब्रशमध्ये पाणी जास्त असेल किंवा त्याच जागी तीन-चारदा ब्रश घासला, तर खालचा रंग वर येऊन सगळं मळकट होतं. उपाय सोपा: ब्रश टिशूला टेकवा, रंग एका फटक्यात ठेवा आणि सोडून द्या. फार जाड थर मात्र वहीचं पान वाकलं की तडकतो.

वाळल्यावर गडद छटा थोड्या फिकट होतात आणि फिकट छटा थोड्या गडद. म्हणून मिसळलेला रंग आधी कागदाच्या तुकड्यावर वाळवून बघावा लागतो. नव्याने सुरू करणारे वैतागतात ते इथेच.

रंगीत पेन्सिलीचं काम शेवटी. गॉशचा मॅट पृष्ठभाग पेन्सिल छान धरतो. केसांच्या बटा, पानांच्या कडा, कापडाची वीण पेन्सिलीने दोन मिनिटांत होते आणि त्यासाठी काही वाळण्याची वाट बघावी लागत नाही. क्रम उलटा केला तर पेन्सिलीतलं मेण पाणी झटकतं आणि गॉश ठिपक्याठिपक्यांत जमतो. मेणाच्या पेन्सिलीने फार दाबून रंगवलं तर काही दिवसांनी गडद भागावर पांढुरकी झाक येऊ शकते. मऊ कापड हलकेच फिरवलं की ती जाते.

वेळ मात्र पेन-जलरंगापेक्षा जास्त लागतो. अर्धा तास निवांत मिळत नसेल तर पान अर्धवट राहील.

अल्कोहोल मार्कर आणि रंगीत पेन्सिल

वाट बघण्याचा ज्यांना कंटाळा आहे त्यांच्यासाठी. मार्कर काही क्षणांत वाळतो, पाणी नसल्याने कागद फुगत नाही. आधी मार्करचे सपाट थर, मग पेन्सिलीने पोत आणि सावली. पेन्सिलीवरून मार्कर चालवू नका. मेण निबवर चढतं आणि पुढची प्रत्येक रेघ कळकट येते. शाई कागदाच्या आरपार जाते, त्यामुळे खाली एक जाड कागद ठेवा आणि मागचं पान सोडून द्या. खास मार्कर पेपर शाई अडवतो, पण तो इतका गुळगुळीत असतो की पेन्सिलीचे दोनेक थरच धरतो. या शाया बहुतेक डायच्या (विरघळणाऱ्या रंगाच्या) असल्याने उजेडात फिकट पडतात. बंद वहीत काही बिघडत नाही, भिंतीवर लावायचं चित्र मात्र याने करू नये.

ऑइल पेस्टल आणि जलरंग

हात मोकळा करायला उत्तम. पेस्टल दाबून रेघा मारा, वरून पातळ जलरंग टाका. मेण-तेलावर पाणी ठरत नाही आणि रेघ उजळून दिसते. पांढरी पेस्टल वापरली तर जागा लपून राहते आणि वॉश पडल्यावरच उघडते. बारीक तपशील जमणार नाहीत. ऑइल पेस्टल पूर्ण कधीच वाळत नाही, त्यामुळे दोन पानांमध्ये बटर पेपर घालावाच लागतो.

ऍक्रिलिक

वहीतल्या रोजच्या कामाला आम्ही ते सुचवत नाही. समोरासमोरची रंगवलेली पानं दाबाखाली एकमेकांना चिकटतात, ब्रश दहा मिनिटं विसरला तर गेला, आणि वाळलेल्या थरावर जलरंगाचे थेंब गोळा होतात. एक उपयोग मात्र अप्रतिम आहे: खूप पातळ केलेल्या ऍक्रिलिक शाईने आधी पान एका रंगात रंगवून ठेवायचं. तो थर वाळला की विरघळत नाही, त्यामुळे वर गॉश कितीही घासला तरी खालचा रंग जागचा हलत नाही. एकाच बैठकीत सात पानं अशी तयार केली तर आठवडाभर पांढऱ्या कागदाची भीती राहत नाही.

कागद आणि प्रयोगाची पद्धत

150 जीएसएमखालच्या (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन) कागदावर पाण्याची कुठलीही जोडी सुरकुत्या पाडते. मिश्र माध्यमांसाठी 200 ते 250 जीएसएमची वही मधला मार्ग आहे. 300 जीएसएम अधिक पाणी सोसतो, पण तेवढ्याच जाडीच्या वहीत पानं कमी येतात आणि जपून वापरण्याची वृत्ती बळावते, जी सरावाला मारक आहे. शंभर टक्के कापसाचा कागद ओल जास्त वेळ धरून ठेवतो. मोठ्या चित्राला ते वरदान, वीस मिनिटांच्या पानाला अडथळा. लाकडाच्या लगद्याचा साधा कागद इथे चालेल.

एका वेळी एकच गोष्ट बदला. जोडी तीच ठेवून आठवडाभर फक्त क्रम उलटा करा. पुढच्या आठवड्यात क्रम तोच ठेवून कागद बदला. पानाच्या कोपऱ्यात कोणता थर आधी दिला आणि किती मिनिटं थांबलात हे लिहा, नाहीतर चांगलं जमलेलं पान पुन्हा जमवता येत नाही. नवं साहित्य संचात न घेता एकेक नग घ्या आणि वापरण्याआधी आपल्याकडच्या प्रत्येक पेन-पेन्सिलीची एकेक रेघ त्याच्या खाली आणि एकेक रेघ त्याच्या वर मारून बघा.