चॉकलेटचा पट्टा की टेबलाची वाट? गणपतीतल्या प्रहसनासाठी कुठला साचा घ्यावा

गणपतीत सोसायटीच्या स्टेजवर वीस मिनिटांचं काहीतरी विनोदी करायचं असं कमिटीने ठरवलं, की ज्याच्या गळ्यात लिहिण्याचं काम पडतं तो आधी यूट्यूब उघडतो. उघडावंच. पण गाजलेल्या सगळ्या सिटकॉम, म्हणजे विनोदी मालिका, बघत बसलात तर नवरात्र उजाडेल. दोनच एपिसोड बघा आणि त्यातला एकाचा सांगाडा घ्या. गोष्ट आपल्याकडचीच हवी.

पहिला, 'आय लव्ह लूसी' या अमेरिकन मालिकेतला 'जॉब स्विचिंग', १९५२ सालचा. लूसी आणि एथेल चॉकलेटच्या कारखान्यात कामाला लागतात. सरकत्या पट्ट्यावरून येणारं चॉकलेट कागदात गुंडाळायचं. एक जरी उघडं पुढे गेलं तर नोकरी गेली, असा मुकादमबाईंचा दम. दुसरा, 'साइनफेल्ड' या अमेरिकन मालिकेतला 'द चायनीज रेस्टॉरंट', १९९१ सालचा. जेरी, जॉर्ज आणि एलेन हे तिघं मित्र हॉटेलात टेबलासाठी थांबतात. पाच-दहा मिनिटं, असं त्यांना सांगितलं जातं. अख्खा एपिसोड ते थांबलेलेच असतात, बस.

वरवर बघता दुसरा आपल्या जास्त जवळचा. रविवारी रात्री हॉटेलबाहेर वहीत नाव लिहून, प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर डोळा ठेवून कोण उभं राहिलेलं नाही? गंमत बघा, त्या एपिसोडमध्ये कोणीच काही करत नाही, तरी प्रत्येकाचं काहीतरी अडलेलं असतं. जॉर्जला फोन करायचाय, तर फोनवर दुसराच चिकटलेला. एलेन भुकेने इतकी कावते की परक्यांच्या टेबलावरचा एगरोल उचलून खायची पैज घेते. मग जॉर्जसाठी फोन येतो आणि मॅनेजर 'कार्टराइट!' अशी हाक मारतो. जॉर्जचं आडनाव कोस्टान्झा. फोन गेला. शेवटी कंटाळून तिघं बाहेर पडतात आणि पाठोपाठ त्यांचं नाव पुकारलं जातं.

कागदावर हे सोपं वाटतं. मलाही वाटलं होतं. दोन वर्षांपूर्वी मुलुंडला आमच्या सोसायटीत मी हाच साचा वापरला. हॉटेलबाहेरची रांग, आडनाव 'करमरकर', मॅनेजरच्या तोंडी 'करकरे'. तालमीत सगळे लोळले. प्रयोगाच्या दिवशी शेजारच्या मंडळाची आरती सुरू झाली, आमचा एक माईक खरखरायला लागला, आणि आडनाव चुकीचं ऐकू येण्यावर उभा असलेला विनोद तिसऱ्या रांगेत ऐकूच गेला नाही. पुढे बसलेली चार पोरं तेवढी हसली.

म्हणून पुढच्या वर्षी लूसी. कमिटीने उकडीच्या मोदकांची ऑर्डर घेतली आहे आणि दोन काकू ते डब्यात भरतायत, एवढीच कल्पना. पट्टा कुठून आणणार? तीन टेबलं जोडली, वर लांब चादर टाकली, ती विंगेतून एकाने ओढायची. मोदक रुमालात कापूस बांधून केलेले. पहिल्या तालमीत चादर सुरुवातीपासून जोरात ओढली. कोणी हसलं नाही, नुसता गोंधळ. घरी जाऊन एपिसोड पुन्हा पाहिला तेव्हा चूक कळली. लूसीचा पट्टा आधी अगदी सावकाश चालतो. दोघींना वाटतं, यात काय आहे! तो फाजील आत्मविश्वास आपण पाहिलेला असतो, म्हणूनच नंतरची त्रेधा हसवते. मग आम्हीही पहिलं अर्ध मिनिट निवांत ठेवलं. काकू गप्पा मारतायत, एकीने केसही नीट केले. त्यानंतर एक मोदक पदरात, दुसरा तोंडात, तिसरा खुर्चीत डुलक्या घेणाऱ्या आजोबांच्या टोपीत.

पण खरी किमया पुढे आहे. एपिसोडमध्ये मुकादमबाई येतात, पट्टा स्वच्छ दिसतो, त्या खूश होतात आणि पट्टा आणखी जोरात सोडायला सांगतात. लपवालपवी जमली, त्याचीच ही शिक्षा. आमच्या चेअरमननी रिकामी चादर बघून 'वा, संपले? मग अजून पाचशेची ऑर्डर घेतो' म्हटलं, तेव्हा आरती आमच्या मांडवात असती तरी हशा ऐकू आला असता. त्या वाक्यावर थांबा, लाफ्टर विरू द्या. 'लूसी' प्रेक्षकांसमोर तीन कॅमेरे लावून चित्रित व्हायची, त्यामुळे नटांनी कुठे किती थांबायचं हेही त्यात दिसतं. त्याच एपिसोडमधला पुरुषांच्या स्वयंपाकाचा भाग मात्र सोडा. भात उतू जातो ते ठीक, पण 'बाप्यांना चहाही येत नाही' हा विनोद आपल्या स्टेजवर चोथा झालाय.

'साराभाई व्हर्सेस साराभाई'सारखं काहीतरी करा, असं कोणीतरी सुचवेलच. नको. सासू माया सून मोनिशाला 'मिडल क्लास' म्हणते तेव्हा आपण हसतो, कारण कफ परेडच्या त्या घरात आपण कित्येक आठवडे बसून आलेलो असतो. 'श्रीयुत गंगाधर टिपरे' या मराठी मालिकेतल्या आजोबांचं, आबांचंही तेच. स्वभावावरचा विनोद ओळख झाल्यावर पिकतो आणि वीस मिनिटांत ओळख होत नाही. 'फॉल्टी टॉवर्स' ही ब्रिटिश मालिका स्वतःसाठी बघा, दोन सीझन मिळून बाराच भाग आहेत. तसं काही करायला तिच्यातल्या मुख्य नटासारखा एक जॉन क्लीझ लागतो, तो सोसायटीत नसतो. 'फ्रेंड्स'मधला सगळ्यांची तयारी रखडलेला १९९६ चा भाग कॉलेजच्या पोरांना जमेल, पण सहाही जण तोलामोलाचे हवेत.

तेव्हा, मोकळं पटांगण असेल तर पट्टा घ्या, डोळे मिटून. बंद हॉल, धड कॉलर माईक आणि पॉज घेता येणारे दोन नट असतील तर टेबलाची वाट बघा. जमली तर ती जास्त दिवस लक्षात राहते, हे मला कबूल आहे.

पट्टा घेतलात तर चादर ओढणाऱ्याला स्टेज दिसेल असा उभा करा. आमचा पहिल्या रंगीत तालमीला पाठ करून मोबाईल बघत ओढत होता, आणि काकू बिचाऱ्या खरंच घाबरल्या होत्या.