ओबीडी स्कॅनर, आठ महिन्यांनंतर: सिग्नलला बंद पडणाऱ्या गाडीचं दुखणं ब्रेकमध्ये निघालं

ब्लूटूथवर चालणारा ९०० रुपयांचा ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड आणि आकडे फोनवर दाखवणारं छोटं यंत्र) घेऊन आता आठ महिने झाले. घ्यायचं कारण एकच होतं. माझी २०१४ ची पेट्रोल सेडान सिग्नलला थांबता थांबता बंद पडायची. रोज नाही, पण आठवड्यातून तीन-चारदा तरी. आईला फिजिओथेरपीला नेताना एकदा पुण्यात नळ स्टॉपच्या चौकात एकाच फेरीत दोनदा बंद पडली. मागून बसचा हॉर्न सुरू झाला तसा आईने माझा हात घट्ट धरला. पुढच्या आठवड्यात ती म्हणाली, आपण रिक्षानेच जाऊ. ते मला फार लागलं.

त्याआधी दोन गॅरेजं करून झाली होती. प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारी झडप) दोनदा साफ झाली. थ्रॉटलला काजळी धरली की आयडलला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, हवा कमी पडते, म्हणून सुरुवात तिथून करणं योग्यच होतं. पण दोन्ही वेळा आठवड्याभरात पुन्हा तेच. मग फ्युएल पंप बदलू असं सांगितलं तेव्हा मी थांबले. पंप दमला असता तर चढाला, ओव्हरटेक करताना गाडीने आधी मान टाकली असती. माझी गाडी कात्रजचा घाट आरामात चढत होती.

स्कॅनर स्टिअरिंगखालच्या सॉकेटमध्ये बसतो, १२३४ पिन टाकून फोनला जोडायचा. चेक इंजिनचा दिवा लागला नव्हता, पण ॲपमधल्या पेंडिंग (अजून पक्क्या न झालेल्या) कोडच्या यादीत पी०१७१ होता. म्हणजे मिश्रणात हवा जास्त, पेट्रोल कमी. एवढ्यावर ऑक्सिजन सेन्सर बदलायला धावू नका. हा कोड फक्त लक्षण सांगतो, कुठला पार्ट गेला ते सांगत नाही.

खरा उपयोग झाला तो फ्युएल ट्रिमचा. ठरलेल्या हिशेबापेक्षा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) किती टक्के पेट्रोल वाढवतो किंवा कमी करतो, तो हा आकडा. भाऊ शेजारी बसून वाचत होता आणि मी चालवत होते. सिग्नलला उभं असताना शॉर्ट (त्या क्षणाची) आणि लाँग (हळूहळू शिकलेली) ट्रिम मिळून अधिक २०च्या वर, मोकळ्या रस्त्यावर २५०० आरपीएमला अधिक ३. आयडलला जास्त आणि रेस दिल्यावर कमी, म्हणजे इंजिन कुठून तरी न मोजलेली हवा ओढतंय. आयडलला थ्रॉटल जवळपास बंद असतो, आतली ओढ जोरात असते आणि लागणारी हवा थोडीच, त्यामुळे छोटी गळतीही भारी पडते. (माझ्या गाडीत हवा मोजायला एमएएफ सेन्सर आहे. हवा थेट न मोजता इनटेकमधला दाब मोजणारा नुसता मॅप सेन्सर असेल तर अशा गळतीने बहुतेक वेळा आयडल उलट वाढतो, तेव्हा माझे आकडे तिथे जसेच्या तसे लावू नका.)

घरी पार्किंगमध्ये हँडब्रेक लावून तपासलं तर मात्र दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक ४, आयडल ७५० आरपीएम. सगळं ठीक! अर्धा तास काही सुचेना. मग भाऊच म्हणाला, "सिग्नलला तुझा पाय ब्रेकवर असतो ना?" मी ब्रेक दाबून धरला. काही सेकंदांत ट्रिम अधिक २४, आरपीएम ४८० आणि पेडलच्या मागून बारीक सूं-सूं. पाय काढला की पूर्ववत. तीनदा केलं, तीनदा तेच.

ब्रेक हलका लागावा म्हणून बूस्टर असतो, तो इंजिनच्याच व्हॅक्यूमवर, म्हणजे आतल्या ओढीवर, चालतो. त्यातला रबरी पडदा फाटला की ब्रेक दाबल्यावर बाहेरची हवा सरळ इनटेकमध्ये शिरते. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत चाकं इंजिनाला फिरवत राहतात. थांबताना क्लच दाबला की तो आधारही जातो आणि इंजिन बंद पडतं.

हे सगळं घेऊन तिसऱ्या मेकॅनिककडे गेले. त्यांनी ॲपमधला आलेख पाहिला, ब्रेक दाबून धरायला लावला आणि इंजिन बंद केलं. पेडल अर्धा मिनिट जागेवर राहायला हवं, ते हळूहळू पायाला वर ढकलायला लागलं. मग उभ्या गाडीतच बूस्टरचा पाइप चिमटा लावून दाबला, इंजिन सुरू केलं, ब्रेक मारला. आयडल हलला नाही. "ताई, ही गाडी आता चालवत घरी नेऊ नका," एवढंच म्हणाले. त्यांनी घाई केली ते बरं झालं, कारण इंजिन बंद पडल्यावर बूस्टरची मदत एक-दोन दाबांपुरतीच उरते, पुढे पेडल दगडासारखं होतं. आणि मी त्याच गाडीने घाट उतरत होते. बूस्टर आणि त्याच्या पाइपातला चेक व्हॉल्व्ह (हवा एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) मिळून ६,५०० रुपये, मजुरी १,५००.

त्यानंतर एकदाही बंद पडली नाही. दोनेक आठवड्यांत ट्रिम अधिक २ वर आली. आई पुन्हा गाडीत बसते.

स्कॅनरबद्दल बाकीचं. पाचव्या महिन्यात इंजिन चालू असताना व्होल्टेज १२.३ दिसलं, एरवी १४च्या आसपास असायचं. त्यामुळे अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा भाग) रस्त्यात दगा द्यायच्या आधी दुरुस्त झाला. ॲपमध्ये एका वेळी दोन-तीनच आकडे लावा, दहा लावले तर आलेख मागे पडतो आणि ब्रेक दाबल्यावरची उडी दिसणारच नाही. कोड पुसायच्या आधी लिहून ठेवा, पुसल्यावर कोड आला त्या क्षणाची नोंदही जाते. एबीएस आणि एअरबॅगचे कोड माझ्या ॲपमध्ये दिसत नाहीत. सॉकेटला बॅटरीचा करंट कायम असतो. मी गावाला गेले तेव्हा स्कॅनर तसाच लावून ठेवला होता, दहा दिवसांनी आले तर बॅटरी उतरलेली. आता काम झालं की काढून डॅशबोर्डच्या खणात ठेवते. रोज काढ-घाल करून त्याची पकड सैल झाली आहे, खड्ड्यात गाडी आदळली की कनेक्शन तुटतं. यासाठी एक्स्टेन्शन केबल मागवली आहे.